औषध फुकट, पण खाडा परवडत नाही : तुर्भ्यातल्या एका घरकामगार बाईंचा क्षयरोग

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम, घेतलेले निर्णय आणि पैशांचा हिशेब मात्र कुटुंबाने सांगितला तसाच ठेवला आहे. बाईंना इथे नुसते ‘ताई’ म्हटले आहे; वस्तीत त्यांना हाक तीच आहे. घरकामगार बायकांसोबत काम करणारा आमचा छोटा गट आहे. या प्रकरणात आम्ही पहिल्या तपासणीपासून उपचार संपेपर्यंत सोबत होतो.

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या आडोशाने वाढलेल्या वस्त्या. रस्ता आणि रेल्वे ओलांडली की सानपाडा-वाशीचे आखीव सेक्टर. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि हे शहर कागदावर आखून मग बांधले गेले. त्या सेक्टरांतली धुणी-भांडी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची उठबस ज्यांच्या हातांवर चालते, त्या बायका बहुतेक आखणीबाहेरच्या वस्त्यांतून येतात.

ताईंचे वय 38. मूळ गाव वाशीम जिल्ह्यात. नवरा सिक्युरिटी एजन्सीत रात्रपाळीचा गार्ड, पगार 13,000 रुपये. थोरली मुलगी बारावीला, धाकटा मुलगा चौथीत. खोली दहा बाय दहाची, वर पत्रा, मागच्या भिंतीला एकच खिडकी. तिच्याखालून गटार वाहते म्हणून ती कायम बंद. नवरा दिवसा झोपतो, बाकीचे रात्री. म्हणजे चोवीस तासांत ती खोली कधीच रिकामी नसते.

ताईंकडे चार घरे होती. पहिल्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे सगळे करायचे, तिथून 3,500 रुपये. दुसऱ्या घरचे 2,500, तिसऱ्याचे 2,000 आणि चौथ्याचे 1,500. महिन्याचे 9,500. चारही कामे तोंडी ठरलेली. महिन्याला दोन सुट्ट्या, त्यापुढे खाडा झाला की पगार कापायचा.

समस्या

2024च्या गणपतीत खोकला सुरू झाला. निदान झाले डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मधले साडेतीन महिने या प्रकरणाचा गाभा आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हा क्षयरोग कार्यक्रमाचा जुना आणि साधा नियम. तपासणी फुकट, औषध फुकट. ताईंना हे माहीत नव्हते असे नाही. वस्तीतल्या अंगणवाडीच्या भिंतीवर तसा फलक आहे आणि त्यांनी तो वाचला होता. पण जवळच्या सरकारी केंद्राची बाह्यरुग्ण वेळ सकाळची, आणि ताई सकाळी सातपासून दीडपर्यंत कामावर. केंद्रात जायचे म्हणजे चारही घरी खाडा. एका दिवसात काम होत नाही, हेही त्यांनी शेजारणींकडून ऐकलेले: आज केसपेपर, उद्या थुंकी, परवा रिपोर्ट, नंतर एक्स-रे. “चार दिवस गेले नाही तर पाचव्या दिवशी तिथं दुसरी बाई उभी असते,” हे त्यांचे वाक्य आमच्या नोंदवहीत आहे.

गल्लीतला दवाखाना मात्र रात्री साडेदहापर्यंत उघडा असतो. तिथे ताई तीनदा गेल्या. सिरप, इंजेक्शन, ताकदीचे सलाईन झाले. तिसऱ्या खेपेला दिलेल्या गोळ्यांत लिव्होफ्लॉक्सासिन होते. हे प्रतिजैविक क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते. त्यामुळे आठ-दहा दिवस खरोखरच बरे वाटते आणि निदान आणखी लांबते. ताईंना बरे वाटले, त्यांनी दिवाळीची जादा साफसफाई केली, आणि नोव्हेंबरात संध्याकाळचा ताप सुरू झाला. या सगळ्यात एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या धरून 7,200 रुपये गेले. अधूनमधून झालेल्या खाड्यांचे 2,300 रुपये कापले गेले ते वेगळेच.

अशा वेळी ‘लोक वेळेवर तपासायला येत नाहीत’ असा शेरा सहज लिहिला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. हातात जेवढी माहिती आणि जेवढे पैसे होते, त्यांत ताईंचा प्रत्येक निर्णय बरोबर होता. सकाळी कामावर गेले तर आजचा पगार पक्का. केंद्रात गेले तर पगार जाणार आणि हाती काय लागेल ते ठाऊक नाही.

कोंडी फुटली ती एका साध्या गोष्टीने. डिसेंबरातल्या बचत गटाच्या बैठकीला आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्यसेविका, थुंकीच्या डब्या घेऊन आल्या होत्या. थुंकी देण्यासाठी माणसाने केंद्रात जावेच लागते असे नाही, नमुना नीट पोचला म्हणजे झाले. ताईंनी रात्री डबी घरी नेली, पहाटे पाण्याच्या वेळेला उठल्या तेव्हा नमुना दिला आणि कामावर गेल्या. जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या रेणवीय चाचणीत क्षयाचे जंतू सापडले. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला जंतूंचा प्रतिरोध नव्हता, म्हणजे नेहमीच्या सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा आजार. एचआयव्ही आणि साखरेची तपासणी ठीक आली. वजन 36 किलो भरले, उंची दीड मीटर, म्हणजे शरीरभार निर्देशांक 16. 18.5 च्या खाली कुपोषण धरतात.

तोलून पाहिलेले पर्याय

गोळ्यांबद्दल ठरवण्यासारखे काही नव्हते. वजनाच्या गटानुसार रोज तीन गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधे एकत्र असलेल्या आणि पुढचे चार महिने तीन औषधांच्या. खरे प्रश्न वेगळे होते: ताईंनी राहायचे कुठे, कामाचे काय करायचे, कोणाला सांगायचे आणि घर कशावर चालवायचे.

नवऱ्याचे पहिले म्हणणे होते, गावी पाठवू. सासूबाई आहेत, मोकळी हवा आहे, मुलांपासूनही लांब राहील. म्हणणे काळजीपोटीच होते. डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून दुसरी बाजू मांडली. मद्रासमध्ये 1950च्या दशकात झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 1959 साली प्रसिद्ध झाला. दाटीवाटीच्या घरात, बेताच्या अन्नावर राहून औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयातल्या, रुग्णांइतकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नव्हते. घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. या घरात ते साडेतीन महिने उलटून गेले होते. आता गावी पाठवून धोका कमी होणार नव्हता. औषधात खंड पडण्याची भीती मात्र होती. ताई तुर्भ्यातच राहिल्या.

कामाबाबत चार वाटा होत्या. औषध सुरू करून मास्क लावून लगेच कामावर जायचे. गावी जाते असे सांगून सुट्टी काढायची. मुलीला सगळ्या घरी बदली म्हणून पाठवायचे. किंवा खरे सांगायचे. पहिली वाट डॉक्टरांनी मोडीत काढली. प्रतिरोध नसलेल्या क्षयात योग्य औषध सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो, पण तेवढे दिवस तरी थांबायला हवे होते. आणि 36 किलोच्या बाईने पंधराव्या दिवशी उठून चार घरच्या लाद्या पुसाव्यात, हे संसर्ग नसला तरी अमानुषच आहे. वैद्यकीय भाषेत ‘कामास योग्य’ आणि अंगात काम करण्याची ताकद, यांत दीड-दोन महिन्यांचे अंतर होते. त्या अंतराचा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर कुठल्याच योजनेत सापडले नाही.

हे अंतर भरून काढणारी व्यवस्था देशात नाही, असे म्हणता येत नाही. त्याच रस्त्याच्या कडेच्या कारखान्यात कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या कामगाराला क्षयरोग झाला आणि तो अटींत बसत असला, तर दीर्घ आजारलाभात मजुरीच्या 80 टक्के रक्कम मिळते आणि ती दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. या विम्याचा मूळ कायदा 1948चा. क्षयरोग्याला बरे व्हायला औषधाबरोबर पगारही लागतो, हे सरकारला कित्येक वर्षांपासून मान्य आहे. घरकामगार त्यात येत नाहीत. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आजारपणात मजुरी भरून देणारी तशी सोय त्यातून उभी राहिली नाही. नवऱ्याचा विमा कापला जात होता असे तो म्हणाला. एजन्सीने कार्ड दिले नव्हते. कार्ड असते तरी बायकोला त्यातून उपचार मिळाले असते, बुडालेली मजुरी नाही.

सांगावे की नाही, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे. मालकाला कळवणे बंधनकारक नाही. ते सांगण्याचा अधिकार फक्त ताईंचा. दुसरीकडे पहिल्या घरातले आजोबा ऐंशीच्या घरातले, खोलीला एसी, खिडक्या बंद, आणि ताई रोज तिथे तीन तास. बाकीच्या तीन घरी पाऊण-एक तासाचे काम, तेही खिडकी उघडी ठेवून. आम्ही हा फरक जसाच्या तसा ताईंपुढे ठेवला आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. एक रात्र त्यांनी विचार केला. सकाळी म्हणाल्या, “आजोबांना सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. बाकीच्यांना नुसतं आजारी आहे म्हणते.”

काय केले

पहिल्या घरी फोन ताईंनीच केला. समोरून बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या घरच्या सूनबाईंनी आजोबांची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ निघाले. त्यांनी एक महिना अर्धा पगार दिला आणि जागा राखून ठेवली. दुसऱ्या घरी गल्लीतल्याच एका वहिनींना बदलीवर दिले. ताई बऱ्या झाल्या की काम परत करायचे, असे दोघींत गटाच्या समोर ठरले. बदलीचा पगार अर्थातच वहिनींचा. तिसऱ्या घराला सोसायटीतल्या दुसऱ्या कोणाकडून तरी आजाराचे नाव कळले. त्यांनी फोनही केला नाही. गेटवरच्या ॲपमधून ताईंचे नाव काढून टाकले, आणि ताईंना ते वॉचमनकडून समजले.

चौथे घर मुलीने धरले. चारही घरी तिने जावे असे वडिलांना वाटत होते, आणि मुलगी तयारही होती. त्यावर ताई आजारपणात पहिल्यांदा चिडलेल्या पाहिल्या. शेवटी कॉलेजच्या वाटेवरचे एकच घर, तेही दोन महिने, एवढ्यावर मिटले. पहाटेचे पाणी, घरचा स्वयंपाक आणि भावाची शाळा मात्र तिच्याकडे आपोआप आली. त्याची चर्चा कोणत्याच बैठकीत झाली नाही.

पैशांची तातडी होती. बचत गटातून कर्ज मिळायला महिन्याच्या दहा तारखेची बैठक गाठावी लागते, आणि मर्यादा 10,000. नवऱ्याने त्याआधीच शेकडा पाच महिना व्याजाने 15,000 उचलले.

क्षयरुग्णांना आहारासाठी सरकारकडून पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 वरून 1,000 रुपये झाली होती. म्हणजे सहा महिन्यांचे 6,000. ताईंचे आधार जोडलेले खाते गावाकडच्या बँकेचे आणि वापर नसल्याने बंद पडलेले. इथल्या शाखेत नवीन खाते उघडून आधार जोडण्यात बराच काळ गेला. पहिला हप्ता आला तेव्हा दुसरा महिना संपत आला होता.

शिधापत्रिकेचा प्रश्न याहून नाजूक होता. कार्ड वाशीमचे. देशात कुठेही धान्य उचलता येते, आपल्या वाट्याचे तेवढेच उचलायचीही सोय आहे. पण ताई, नवरा आणि मुले यांच्या नावचे माणशी पाच किलो इतकी वर्षे सासूबाई गावात उचलत होत्या आणि त्यावरच त्यांचे चालत होते. इथे अंगठा लावला की तिकडचे तेवढे कमी होणार. ताईंनी नकार दिला. आम्ही आग्रह धरला नाही, आणि तो धरला नाही हे योग्यच झाले असे मला वाटते. एका कुपोषित बाईचे ताट भरायला दुसऱ्या म्हातारीचे ताट हलवायचे, हा उपाय होऊ शकत नाही. शेंगदाणे, डाळ, अंडी हे उसनवारीवर सुरू झाले. तिसऱ्या महिन्यापासून, दात्यांनी रुग्णांना मदत करण्याच्या निक्षय मित्र उपक्रमातून कोरड्या शिध्याची पिशवी मिळू लागली.

अन्नावर एवढा भर देण्याला कारण आहे. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नवा क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाले, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळला. वजनकाटा आमच्यासाठी औषधाच्या पाकिटाइतकाच महत्त्वाचा ठरला.

गोळ्या कोणाच्या देखरेखीखाली घ्यायच्या, हेही ठरवावे लागले. आशाताई रोज दारात आल्या असत्या तर अख्ख्या चाळीला कळले असते. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या अंगणवाडी मदतनीस उपचार सहाय्यक झाल्या. ताई संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला म्हणून जात. दुसऱ्या घराने काम परत देताना पत्र मागितले. डॉक्टरांनी ‘संसर्गाचा धोका नाही, कामास योग्य’ एवढेच लिहिले, आजाराचे नाव लिहिले नाही. नाव हवेच असा हट्ट त्या घराने फोनवर धरला, डॉक्टर ठाम राहिल्या, आणि काम परत मिळाले.

निष्पत्ती

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस थुंकी स्वच्छ आली, वजन 38.2 किलो. जून 2025 मध्ये उपचार पूर्ण झाले, वजन 43 किलो, ‘बरी झाली’ अशी नोंद. मुलांमध्ये आजार आढळला नाही. दोघांनी प्रतिबंधात्मक औषधाचा पूर्ण कोर्स घेतला. सरकारी दफ्तरी हे यशस्वी प्रकरण आहे, आणि बरे होणे ही लहान गोष्ट नाही.

आता हिशेब. निदानाआधीचा खर्च 7,200. खाडे आणि गेलेली कामे मिळून बुडालेली मजुरी 27,050. व्याज 4,500. नवऱ्याच्या चुकलेल्या ड्युट्या 1,500. जादा अन्न 7,200. एकूण 47,450 रुपये. पोषण योजनेचे 6,000 वजा जाता 41,450. घराचे वार्षिक उत्पन्न 2,70,000 धरले तर हा बोजा सुमारे 15 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत क्षयरोगाचा खर्च वार्षिक उत्पन्नाच्या 20 टक्क्यांहून जास्त झाला, तरच तो ‘आपत्तीजनक’. म्हणजे या मोजमापात हे कुटुंब आपत्तीत सापडलेच नाही. मुलगी बारावीला एका विषयात राहिली, पुरवणी परीक्षेत सुटली आणि तोवर तिला हव्या त्या अभ्यासक्रमाचे प्रवेश होऊन गेले होते. याला या हिशेबात रकानाच नाही. सावकाराची मुद्दलही अजून फिटायची आहे.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठा फरक निदानाआधीच पडला असता. डिसेंबरात बैठकीत आलेली डबी ऑक्टोबरात आली असती तर आजोबा, मुले आणि त्या बंद खोलीचा धोका दोन महिन्यांनी घटला असता. आता बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत खोकल्याची चौकशी होते आणि डब्या तिथेच असतात. केंद्राची आठवड्यातून एक संध्याकाळची वेळ मिळावी म्हणून बायकांनी सह्यांचा अर्ज दिला आहे. मला विचाराल तर या प्रकरणातून करायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा हीच आहे.

गल्लीतल्या डॉक्टरांना वगळून चालणार नाही. रात्री दहाला उघडे असलेले दार तेवढेच आहे. क्षयरुग्ण कळवणाऱ्या खाजगी डॉक्टरांना कार्यक्रमातून मानधन मिळते, हे त्यांना माहीत नव्हते. दोन आठवड्यांच्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन न देता आधी थुंकीची डबी द्यायची, एवढे त्यांनी मान्य केले आहे.

बचत गटाने नियम बदलला: आजारपणासाठी 5,000 रुपये बैठकीची वाट न पाहता दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने त्याच दिवशी. हे आधी असते तरी सावकार पूर्ण टळला नसता, रक्कम कमी झाली असती.

रजेबद्दल मालकांशी बोलायचे तर आजार होण्याआधीच बोलावे लागते. आजाराचे नाव कानावर गेल्यावर बोलणे भीतीने होते. वर्षाला पंधरा दिवस पगारी आजाररजा आणि बदलीनंतर काम परत, एवढे दोन मुद्दे घेऊन वाशीतल्या दोन सोसायट्यांशी बोलणे चालू आहे. एका ठिकाणी तयारी दिसते. दुसरीकडे ‘हा ज्याचा त्याचा घरगुती मामला’ असे उत्तर मिळाले.

मुलीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी जायला हवे होते. हजेरीची सवलत आणि चुकलेले प्रात्यक्षिक दोन्ही मागता आले असते. घरात रुग्ण आला की तिथल्या मोठ्या मुलीचे वेळापत्रक आता आम्ही पहिल्या भेटीतच लिहून घेतो.

नवऱ्याने प्रतिबंधात्मक औषध घेतलेले नाही. तपासणीत त्याला आजार नव्हता, आणि “मला काही झालं नाही तर गोळ्या कशाला” हे त्याचे म्हणणे शेवटपर्यंत टिकले. त्याला समजावायला गेलेले सगळे दुपारी गेले, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी. आता रात्री ड्युटीवर निघण्याआधी, सातच्या सुमारास, डॉक्टर स्वतः त्याच्याशी बोलणार आहेत.